वॉटर स्कीसाठी जुनी फॅमिली बोट घेताना

अमेरिकेतल्या मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. नोकरीसाठी इथे आलेलं मराठी कुटुंब पहिले एक-दोन उन्हाळे ती काठावरूनच बघतं. मग ऑफिसातलं कुणीतरी रविवारी आपल्या बोटीवर बोलावतं, धाकटा बोटीमागे ओढलेल्या फुगीर ट्यूबवर बसून किंचाळतो, थोरली स्कीवर चक्क उभी राहते आणि घरी परतताना मागच्या सीटवरून प्रश्न येतो, "आपण कधी घ्यायची?" त्या रात्री आई-बाबा दोघंही फेसबुक मार्केटप्लेस उघडून बसतात. हा लेख त्यांच्यासाठी.

खेळ तसा इथलाच. १९२२ साली लेक सिटी गावातल्या राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलानं पाइनच्या दोन फळ्यांची टोकं वाकवली, पायांसाठी चामड्याचे पट्टे ठोकले आणि लेक पेपिनवर बोटीमागे उभा राहून दाखवलं. बोट हाकायला त्याचा सख्खा भाऊ होता. आपले भाऊ पुण्यात, तेव्हा आपल्याला बोट विकतच घ्यावी लागणार.

नवी बोट घेण्याच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पहिले दोन उन्हाळे बोट धक्क्याला घासणारच, ती जुनी असलेली बरी. पण जुनी बोट बघायला जाणारे बहुतेक लोक ती रिकामी बघतात: विकणाऱ्याच्या अंगणात, ट्रेलरवर, पुसून चकचकीत केलेली. स्कीसाठी बोटीची खरी परीक्षा चार-पाच सेकंदांची असते. सात माणसं, भरलेली टाकी, खाऊचा कूलर आणि मागे दोराला धरून पाण्यात बसलेला पंचाहत्तर किलोचा काका. त्या काकाला पाण्याबाहेर काढता आलं पाहिजे. खालची प्रत्येक पायरी हे ओझं डोक्यात ठेवून वाचा.

पायरी १: आधी माणसं मोजा, मग गाडी बघा

आपल्या घरचा हिशेब इथल्या लोकांपेक्षा वेगळा असतो. नवरा-बायको, दोन मुलं, मे-जूनमध्ये आलेले आई-बाबा आणि मुलाचा एखादा मित्र, म्हणजे सात झाले. वीस फुटांपेक्षा लहान बोटीत चालकाजवळ एक पाटी असते, तिच्यावर माणसांची संख्या आणि एकूण वजन लिहिलेलं असतं. ती मर्यादा आहे, सल्ला नव्हे. स्कीवर गेलेला माणूसही परत बोटीतच येणार, त्याची जागा धरायची. सात माणसांसाठी साधारण १९ ते २१ फुटांची बोट लागते. १७ फुटी बोट चौघांची.

आई-बाबा येणार असतील तर आणखी दोन गोष्टी बघा. धक्क्यावरून आत पाय टाकायला घसरणार नाही अशी पायरी आहे का, आणि डोक्यावर घडी होणारं कापडी छत आहे का. छताला इथे बिमिनी म्हणतात. ते नसेल तर तासाभरात आजी म्हणणार, "मला काठावर सोडा."

आता गाडी. १९ फुटी बोट इंजिनासकट अडीच ते तीन हजार पौंड भरते. त्यात ट्रेलर, पेट्रोल, बॅटरी, दोर-जॅकेटं घातली की ओढायचं वजन चार हजारांच्या आसपास जातं. आपल्या लोकांच्या दारात उभ्या असलेल्या सिएना आणि ओडिसीची ओढायची क्षमता ३,५०० पौंड असते, सीआर-व्हीची १,५००. ऑल-व्हील ड्राइव्हची पायलट किंवा व्ही-६ इंजिनची हायलँडर ५,००० पर्यंत जाते, पण तिथेही मॉडेल आणि वर्ष बघून मॅन्युअलमधला आकडा खरा धरा. ओडिसीच ठेवायची असेल तर १७-१८ फुटी हलकी बोट घ्या, नाहीतर मोठी बोट मरीनाच्या धक्क्यावर बांधून ठेवा आणि दरवर्षी त्याचं भाडं भरा. बोट आधी घेऊन मग तिच्यासाठी गाडी बदलणारी कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत. एकूण खर्चाचा आकडा ती सांगत नाहीत.

पायरी २: कुठल्या जातीची बोट

जाहिरातीत सगळ्याच बोटींना 'स्की बोट' म्हटलेलं असतं. त्यात फरक आहे.

पुढे टोकाशीही बसायला जागा असलेली, इंजिन मागे बंद पेटीत आणि गिअर-पंख्याचा (प्रोपेलरचा) भाग बाहेर पाण्यात, तिला बोरायडर म्हणतात. बाहेरचा तो भाग म्हणजे आउटड्राइव्ह. सी रे, बेलाइनर, फोर विन्स, ग्लास्ट्रॉन, लारसन अशा नावांनी दिसतात त्यातल्या बहुतेक याच. ट्यूब, पोहणं, नुसतं फिरणं आणि ठीकठाक स्कीइंग हे सगळं एका बोटीत हवं असेल तर हीच घ्या. दहा मराठी घरांतल्या नऊंना हीच लागते.

दुसरी खरोखरची स्की बोट: स्की नॉटिक, मास्टरक्राफ्ट प्रोस्टार, मालिबू रिस्पॉन्स. इंजिन बोटीच्या मधोमध, त्याच्या पुढ्यात दोर बांधायचा खांब, पंखा बोटीच्या पोटाखाली. मागे उठणारी लाट अगदी बसकी, बोट रुळावरून गेल्यासारखी सरळ जाते, आणि पंखा पोटाखाली असल्यानं शिडीशी पोहणाऱ्या पोरांपासून लांब राहतो. मग हीच का नको? कारण मधलं इंजिन अर्धी जागा खातं, तळ सपाट असल्यानं मिनेटोंकासारख्या गजबजलेल्या तळ्यावर शनिवारी दुपारी हाडं खिळखिळी होतात, आणि इंजिन पोहायच्या जागेपासून लांब असलं तरी आजीच्या कानापासून लांब नसतं. घरात दोघं-तिघं खरोखर स्कीवेडे असतील आणि तळं लहान, शांत असेल, तर बेलाशक घ्या. वीस-पंचवीस वर्षं जुन्या प्रोस्टारही नीट सांभाळलेल्या मिळतात.

तिसरी, इंजिन मागे टोकाला आणि टाक्यांमध्ये पाणी भरून मुद्दाम मोठी लाट उठवणारी वेक बोट. पोरं यूट्यूबवर हीच बघतात. महाग आहे, जड आहे, आणि तिची लाट स्की शिकणाऱ्याच्या गुडघ्यांना नको असते. पोरांना वेकसर्फच, म्हणजे बोटीच्या लाटेवर फळीनं सर्फ, करायचं असेल तर मात्र हीच जात हवी. बोरायडरमागे वेकसर्फ करायचं नाही, कधीच नाही. दोर इतका आखूड असतो की पडलेला माणूस उघड्या पंख्याजवळ आणि इंजिनाच्या धुरात येतो.

आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या, इंजिनची बोरायडर आपल्या थंडीला चांगली. इंजिन उभं केलं की त्यातलं पाणी आपोआप गळून जातं. पण स्कीसाठी दोर इंजिनावरून न्यायला मागे कमान लागते. दोन पोकळ नळकांड्यांवर तरंगणाऱ्या सपाट पाँटून बोटीमागे, साठ-सत्तर हॉर्सपॉवरवर, ट्यूब चालते, मोठा माणूस स्कीवर उठत नाही. तीन नळकांडी आणि १५० हॉर्सपॉवर असेल तर उठतो. पाण्याचा झोत मागे फेकून चालणारी जेट बोट चपळ असते, पंख्याची भीती नाही, पण स्कीअर बाजूला गेला की बोटीचं शेपूट ओढलं जातं आणि आवाज भरपूर.

पायरी ३: इंजिन आणि पंखा

जुन्या बोरायडरमध्ये सर्वांत जास्त दिसणारी दोन इंजिनं मर्क्रूझरची: चार सिलिंडरचं ३.० लिटर, १३५ हॉर्सपॉवरचं, आणि व्ही-६ ४.३ लिटर, कार्ब्युरेटरचं असेल तर १९०, इंजेक्शनचं असेल तर २२० हॉर्सपॉवर. ३.० हे साधं, काटक इंजिन आहे. कुठल्याही मेकॅनिकला येतं. १७ फुटी बोटीत तिघं-चौघं असतील तर ते मुलांना मजेत उठवतं. पण सात जण आणि मागे मोठा माणूस? नाक आभाळाकडे करून बोट नुसती नांगरत राहील. १९ फुटांना ४.३, आणि २१ फुटांना ५.० लिटरचं व्ही-८, असा साधा हिशेब ठेवा.

विकणारा ताशी किती मैल पळते ते कौतुकानं सांगेल. 'पन्नास जाते' हा आकडा स्कीसाठी बिनकामाचा. दोन स्कींवरची लहान मुलं १४ ते १८ मैलांवर असतात, मोठी माणसं २० ते २६ वर, आणि एका स्कीवर स्लॅलम करणारे ३०-३४ वर. स्पर्धेतसुद्धा कमाल वेग ३६ आहे. आपल्याला हवा तो सुरुवातीचा जोर. तो पंख्याच्या पिचवर बराच अवलंबून असतो. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात सिद्धान्तानं जेवढे इंच पुढे जाईल तो आकडा, पंख्यावरच कोरलेला असतो. २१ चा पंखा काढून १९ चा किंवा १७ चा लावला की वरचा वेग थोडा कमी होतो आणि उठण्याचा जोर वाढतो. एक इंच पिच कमी केला की इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड-दोनशेनं वाढतात, म्हणून पूर्ण थ्रॉटलला इंजिन आपल्या कमाल मर्यादेबाहेर जात नाही ना ते बघावं लागतं. ३.० साठी ती रेंज ४,४०० ते ४,८०० आहे. दमदार वाटत नसलेली बोट नुसत्या पंख्यानं सुधारते, आणि पंखा इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त.

पायरी ४: फोनवर विचारायचं

प्रत्यक्ष जाण्याआधी पाच मिनिटं बोला. बोट गोड्या पाण्यात होती की समुद्रात? फ्लोरिडाकडून आलेली असेल तर इंजिनाचा धूर बाहेर नेणारे एग्झॉस्ट मॅनिफोल्ड कधी बदलले? खाऱ्या पाण्यानं ते गंजतात. किती तास चालली आहे? इथे वर्षाला पन्नास तास म्हणजे सर्वसाधारण वापर. पंधरा वर्षांत फक्त साठ तास ऐकून खूश होऊ नका, उभी राहिलेली बोटही कुजते. दरवर्षी विंटराइज, म्हणजे हिवाळ्याआधी इंजिनातलं पाणी काढून बोट बंद करण्याचं काम, कोण करतं, पावत्या आहेत का? टायटल, म्हणजे मालकीचा कागद, हातात आहे की बँकेकडे? आणि शेवटचं: "मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, थंड असतानाच बघायचंय." या वाक्यावर विकणारा जो सूर लावतो त्यावरून निम्मं कळतं.

पायरी ५: अंगणातली तपासणी

इथे वेळ घालवा. दोन तास लागले तरी चालेल. सोबत टॉर्च, प्लॅस्टिकची छोटी हातोडी, पाना, चिंधी आणि एखादा कमी बोलणारा मित्र न्या.

पोहोचल्या पोहोचल्या इंजिनाचं झाकण उघडायला लावून ब्लॉकवर तळहात ठेवा. गरम लागलं, तर तुमच्या आधी कुणीतरी ते चालू करून ठेवलंय. त्याचं कारण विचारा.

मग मागे जा. बोटीच्या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. जुन्या बोटींमध्ये फायबरग्लासच्या दोन पदरांमध्ये प्लायवूड असतं, आणि या भिंतीत भोकं फार: आउटड्राइव्हसाठी, शिडीसाठी, पोहायच्या फळीसाठी, आणि दोर अडकवायच्या स्की-कडीसाठी. ज्या कडीवर तुमच्या मुलाचं वजन येणार, तिच्याच बोल्टांतून पाणी आत मुरतं. कडीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसतात का बघा. आतून हात घालून तिच्या मागे धातूची जाड पट्टी आहे का चाचपा. नुसते वॉशर असतील तर ती कडी कुणीतरी नंतर लावलेली आहे. आता हातोडीनं कडीपासून सुरू करून बाहेरच्या बाजूला ठोकत या. सुकं लाकूड खणखणीत वाजतं. एखाद्या पट्ट्यात आवाज बद्द झाला की तिथे थांबा, चारी बाजूंनी पुन्हा ठोका, बद्द भाग केवढा आहे ते बोटानं धुळीवर आखा. हाताएवढा भाग बद्द असेल तर ट्रान्सम नव्यानं करायला लागेल, आणि या किमतीच्या बोटीत तो खर्च बोटीइतकाच होतो. नमस्कार करून निघा. आउटड्राइव्ह दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबूनही बघा. त्यासोबत ट्रान्सम हलताना दिसली तर ठोकायचीही गरज नाही.

बूट काढून बोटीत फिरा. अनवाणी पायाला भुसभुशीत जमीन लगेच कळते. स्की ठेवायच्या जमिनीतल्या कप्प्याच्या कडा आणि खुर्च्यांचे पाय, इथे आधी कुजतं, कारण ओल्या स्की, ओले दोर, ओली जॅकेटं वर्षानुवर्षं तिथेच पडलेली असतात. कप्पा उघडून नाक आत घाला. थोडा कुबट वास सगळ्यांनाच असतो; तळाशी पाणी साचलेलं असेल तर ते तिथे का आलं हा प्रश्न. इंजिन ज्या लांब तुळयांवर बसतं त्यांतला एखादा जाड स्क्रू, मालकाला विचारून, पान्यानं हलकेच आवळून बघा. नुसताच फिरत राहिला तर खालचं लाकूड गेलेलं आहे. बोट तरंगावी म्हणून जमिनीखाली भरलेल्या फोमनं पाणी प्यायलं असेल अशी शंका आली तर सोपा उपाय आहे: ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर बोट ट्रेलरसकट वजन करा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. सात-आठशे पौंडांचा फरक नुसत्या जॅकेटांनी पडत नाही.

आता इंजिन, आणि मिनेसोटातला सगळ्यांत मोठा धोका. इंजिनातलं पाणी न काढता बोट हिवाळ्यात उभी राहिली, तर ते गोठून फुगतं आणि लोखंडी ब्लॉक तडकतो. एक विसरलेली ऑक्टोबरची रात्र पुरते. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना, मॅनिफोल्डच्या खाली, टॉर्च तिरपा धरून आडवी गंजाची रेघ शोधा. इपॉक्सीचा लेप किंवा फक्त तेवढ्याच भागाला नवा रंग दिसला, तर रंग का दिला ते विचारायची गरज नाही. ऑइलची काडी काढून चिंधीवर पुसा: ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय.

आउटड्राइव्हच्या गिअर ऑइलचीही अशीच झडती घ्या. खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. स्वच्छ हवं. दुधाळ असेल तर सील गेलेलं आहे, आणि त्याचं कारण बहुधा पंख्यामागेच सापडतं: मासेमारीचा तुटलेला दोरा दांड्याला गुंडाळून सील कापतो. ड्राइव्ह पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायला लावून मागच्या रबरी भात्याच्या घड्या टॉर्चनं बघा. या भात्याला बेलोज म्हणतात. तो पाण्याच्या पातळीखाली असतो. फाटला तर बोट धक्क्याला बांधल्या बांधल्या बुडते. भेगा दिसल्या तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. यावरून सौदा मोडू नका, बेलोज हा टायरसारखा झिजणाराच भाग आहे.

बागेच्या नळीला जोडायचे रबरी कप ड्राइव्हला लावून इंजिन अंगणातच चालू करता येतं. बंद पेटीतलं पेट्रोल इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं पेटीतली हवा बाहेर काढणारा ब्लोअर चालवायचा, ही सवय इथूनच लावा. पेटीत साचलेली पेट्रोलची वाफ ठिणगीनं उडते. इंजिन सुरू झाल्यावर वळवताना मागून घरघर आली तर ट्रान्सममधून जाणाऱ्या दांड्याचं बेअरिंग, म्हणजे गिंबल बेअरिंग, गेलेलं समजा. खरं समाधान हवं असेल तर मेकॅनिककडून कंप्रेशन टेस्ट करून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असावेत. आकडा केवढा याहून तो सारखा असणं महत्त्वाचं.

सीटांची शिलाई, रेडिओ, दिवे, हॉर्न घाईनं बघून चालेल. बोटीच्या तळाला बिल्ज म्हणतात; तिथलं पाणी बाहेर टाकणारा बिल्ज पंप मात्र बादलीभर पाणी ओतून चालवून बघा. सीटांखाली उंदरांच्या लेंड्या असतील तर वायरी कुरतडलेल्या असू शकतात.

पायरी ६: ट्रेलर

लोक बोट बघतात आणि ट्रेलर फुकट मिळाला असं समजतात. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३२१५ म्हणजे २०१५ चा बत्तिसावा आठवडा. रबर कितीही जाड दिसो, सहा-सात वर्षांचे टायर बदलायचे. चाक जॅकवर उचलून फिरवा, खरखर आली तर बेअरिंग. ब्रेक, दिवे, साखळ्या, विंचचा पट्टा बघा. इंटरस्टेट ३५ वर जुलैच्या उन्हात बेअरिंग जाम होऊन रस्त्याकडेला उभी असलेली बोट दर उन्हाळ्यात दिसते.

पायरी ७: कागदपत्रं

१९७२ पासून अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक बोटीच्या ट्रान्समवर, उजव्या बाजूला वर, बारा अक्षरांचा नंबर असतो. पहिली तीन अक्षरं कंपनीची, आणि १९८४ नंतरच्या बोटींत शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे. हा नंबर टायटलवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. खरवडलेला किंवा वेगळ्या पट्टीवर चिकटवलेला असेल तर तिथेच विषय संपला. टायटलवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. विकणाऱ्यासोबत बँकेतच भेटणं उत्तम. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, ते विसरू नका. विमा कंपनीला घेण्याआधीच फोन करा. बोट फार जुनी असेल तर काही कंपन्या सर्व्हेयरचा, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल मागतात. किंमत पंधरा-वीस हजार डॉलरच्या वर असेल तर विमा नसला तरी सर्व्हेयर लावाच.

पायरी ८: पाण्यात, आणि तेही भरून

ही पायरी गाळली जाते, आणि खरं म्हणजे हीच सगळ्यांत महत्त्वाची. विकणारा म्हणेल, "चला, एक चक्कर मारू." तुम्ही दोघं, पाव टाकी पेट्रोल. अशात कुठलीही बोट उडते. आधीच ठरवून पाच-सहा मोठी माणसं घेऊन जा. मित्रांना जेवणाचं आमिष दाखवा. जमत नसेल तर पाण्याचे कॅन भरून न्या.

उभ्या बोटीतून पूर्ण थ्रॉटल द्यायला सांगा आणि मनात सेकंद मोजा. बोटीचं नाक वर जातं, मग खाली बसून बोट पाण्यावर सपाट सरकू लागते. एवढं ओझं घेऊन पाच-सहा सेकंदांत सपाट झाली तर ती माणूस ओढेल. दहा सेकंद नाक वर धरून राहिली तर मागचा माणूस तोवर दोर सोडून देईल, हात दुखून. प्रत्यक्ष स्कीअर ओढून बघू द्यायला विकणारे बहुधा तयार नसतात, विम्यामुळे. म्हणून हे सेकंद मोजणं.

मग उलटं करा: वेग हळूहळू कमी करत जा आणि बोट सपाटपणा कुठे सोडते ते बघा. हे फारसं कुणी बघत नाही, आणि मुलं असलेल्या घरात नेमकं हेच नडतं. नवशिकं मूल १५-१६ मैलांवर स्की करतं. बोट १९ मैलांखाली नाक वर करून बसत असेल तर चालकाला पुढचं काही दिसत नाही, लाट मोठी होते, आणि मूल कधी जोरात कधी हळू ओढलं जातं. १६-१७ वर सपाट राहणारी बोट मुलांसाठी सोन्यासारखी. थोडं कमी पडत असेल तर चार पात्यांचा पंखा किंवा ट्रिम टॅब (मागे तळाशी लावायच्या हलत्या पट्ट्या) लावून सुधारतं.

वीस-बावीस मैलांवर दहा मिनिटं स्थिर चालवा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. डावीकडे, उजवीकडे कडक वळणं घ्या. पूर्ण थ्रॉटलला फेरे रेंजमध्ये पोहोचतात का? थांबून गरम इंजिन बंद करा, पाच मिनिटं गप्पा मारा, पुन्हा सुरू करा. गरम झाल्यावर सुरू न होणारी बोट तळ्याच्या मधोमध फार त्रास देते. परतल्यावर बिल्जमध्ये पाणी किती आलं तेही बघा.

दोर कुठे बांधायचा तेही इथेच ठरवा. मधल्या स्की-कडीला किंवा खांबाला. धक्क्याला बांधायच्या कोपऱ्यातल्या क्लीटला किंवा स्टीलच्या कठड्याला कधीच नाही. बोटीवर उंच टॉवर असेल तर त्याला स्की आणि वेकबोर्ड चालतं, ट्यूब नाही. ट्यूब पाण्यात बुडी मारते तेव्हाचा झटका टॉवरला सोसत नाही.

पायरी ९: सौदा

एप्रिल-मेमध्ये भाव चढलेले असतात, सप्टेंबरच्या लेबर डेनंतर उतरतात. कारण उघड आहे, हिवाळाभर बोट ठेवायला जागा आणि पैसे लागतात. सापडलेल्या दोषांची यादी करून त्यांचा अंदाजे खर्च समोर ठेवा. इथले लोक मंडईतल्यासारखी घासाघीस करत नाहीत, पण पावतीसारखा मांडलेला हिशेब मानतात. ऑक्टोबरमध्ये बोट आधीच विंटराइज केलेली असेल आणि "पाण्यात घालता येणार नाही" असं सांगितलं, तर दोन मार्ग: थोडी रक्कम देऊन उरलेली वसंतातल्या चाचणीनंतर देण्याचं लेखी घ्या, किंवा पुन्हा विंटराइज करायचे पैसे तुम्ही द्या आणि आजच चालवा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो.

किमतीशिवाय हजार-दीड हजार डॉलर बाजूला ठेवा. प्रत्येकाच्या मापाची लाइफ जॅकेटं. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या बोटीत ती घालायचीच असतात, आणि पोहता न येणाऱ्या मोठ्यांनीही घालावीत. विहिरीत पोहायला शिकलेल्यांनीसुद्धा; जूनमधलं इथलं पाणी अंगात कळ आणतं. ७५ फुटी स्की-दोर, मुलांसाठी जोडलेल्या स्की, अग्निशामक. डिस्पोजेबल अग्निशामकावरची तारीख बारा वर्षांपेक्षा जुनी असेल तर तो आता चालत नाही. चालकाच्या अंगाला अडकवायची इंजिन बंद करणारी दोरी, बोटीत तशी सोय असेल तर, सव्वीस फुटांखालच्या बोटींवर केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या पाण्यात २०२१ पासून सक्तीची आहे. मागच्या माणसावर नजर ठेवायला चालकाशिवाय आणखी एक जण बोटीत हवा. मिनेसोटात त्याऐवजी रुंद आरसा चालतो, इतर अनेक राज्यांत चालत नाही. आरसा असला तरी माणूस ठेवाच. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापर्यंत इथे स्की ओढायला बंदी आहे.

बोट तळ्यातून बाहेर काढली की तळाचं बूच काढून, पाणी गाळून, अडकलेलं शेवाळ उपटून मगच रस्त्यावर यायचं. बोटींबरोबर एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणाऱ्या झेब्रा शिंपल्यांसारख्या जिवांमुळे मिनेसोटात तो कायदा आहे. ते बूच किल्लीच्या जुडग्यालाच अडकवून ठेवा. पुढच्या खेपेला बोट पाण्यात सोडण्याआधी किल्ली हातात घ्यावीच लागते, आणि बूच लावायचं राहिलंय हे त्याच वेळी कळतं.